चाळीसला चाळीस

पैठण,
रविवार, रात्री

चि. छकुलीस,


आक्काचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी दोन दिवस धड जेवली नाही, बुटांना लागलेला चिखलसुद्धा झटकला नाही. मग तुझा निरोप वाचला. 'गुण सारखे, गोल आमचे जास्त, आणि करंडक त्यांना. का, तर आपसातली एक मॅच ते जिंकले. मामा, हा कुठला न्याय?' फोनवर दोन शब्दांत उत्तर दिलं असतं तर ते तुझ्या दुःखाला पुरलं नसतं. म्हणून जेवणं उरकल्यावर कागद घेतला, आणि शेजारी ती निळ्या पुठ्ठ्याची वही.

कोरोनात तू आमच्याकडे राहायला होतीस, तेव्हाची ती वही. २०२०-२१ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉल, आपण दोघांनी तिच्यात उतरवून काढली. अकरा संघ, प्रत्येकाचे वीस सामने, आणि सगळे गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर: फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान. माझा मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचा, आवाज बारीक, कारण मामीला लवकर झोप लागते. मी पट्टीने चौकटी आखायचो, जिंकलेली चौकट तू हिरव्या स्केचपेनने भरायचीस. आज ते पान उघडलं. मुंबई सिटी: बारा हिरव्या, चार कोऱ्या, चार काट मारलेल्या. खाली एटीके मोहन बागान: बारा, चार, चार. दोघांचे गुण चाळीस. वीस सामन्यांनंतर दोन संघांची इतकी सारखी ओळ मी माझ्या शाळेतल्या सगळ्या नोकरीत कुठल्या शालेय तक्त्यातही पाहिली नाही.

आपल्या लक्षात राहिला तो २८ फेब्रुवारीचा रविवार. शेवटचा साखळी सामना, बांबोळीला, या दोघांतच. बागानला बरोबरी पुरे होती, मुंबईला जिंकणंच भाग होतं. सातव्या मिनिटाला मुंबईच्या जाहूच्या फ्री किकवर मोर्तादा फॉलने डोक्याने गोल केला आणि तू माझ्या मांडीवर अशी थाप मारलीस की मामी उठली. एकोणचाळिसाव्या मिनिटाला हर्नानची फ्री किक आडव्या खांबाला लागून परतली, ओगबेचेचं डोकं तिथे हजर होतं. आपला फोन नेमका तेव्हा अडकला होता. चित्र सुरू झालं तेव्हा ते मिठ्या मारत होते. २-०. चाळीसला चाळीस झाले. ११ जानेवारीचा आपसातला सामनाही मुंबईने १-० असा जिंकलेला, तोही ओगबेचेच्याच गोलवर. म्हणून साखळीतल्या अव्वल संघाची शील्ड मुंबईची, आणि तिच्याबरोबर आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा.

पण आज मी बोट ठेवलं ते दुसऱ्याच चौकटीवर. २२ फेब्रुवारी, बागान विरुद्ध हैदराबाद. तो सामना जिंकला असता तर बागानचे बेचाळीस झाले असते आणि मुंबईला उरलेले दोन्ही जिंकूनही तिथवर पोचता आलं नसतं. पाचव्या मिनिटाला हैदराबादच्या चिंगलेनसानाला लाल कार्ड. म्हणजे जवळजवळ सगळा सामना दहा जणांशी! त्या दहा जणांनी दोनदा आघाडी घेतली आणि बागानने अगदी शेवटी, भरपाईच्या वेळेत, प्रीतम कोटालच्या गोलवर २-२ अशी कशीबशी बरोबरी साधली. त्या रात्री ते नक्कीच सुस्कारा टाकून झोपले असतील, की चला, एक गुण तर वाचला. मला विचारशील तर शील्ड तिथे गेली, रविवार फक्त तिची पावती होती.

मुंबईचंही तसंच. बारा सामने न हरता आलेला संघ, पण पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडकडून हरलेला आणि जानेवारीच्या शेवटी पुन्हा त्यांच्याकडूनच. हे सहा गुण गेले नसते तर शेवटच्या रविवारी आपल्याला धडधड झालीच नसती.

तू म्हणशील, मुंबईचा गोलफरकही जास्त होता, सतरा विरुद्ध तेरा, म्हणजे तिथे कुठलाही नियम लावला तरी मुंबईच. कबूल. म्हणून तुला स्कॉटलंडच्या एका संघाची गोष्ट सांगायची आहे. एडिंबराचा हार्ट्स. १९६५ साली लीगच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्याच घरच्या मैदानावर, समोर किल्मार्नॉक. हार्ट्स एका गोलने हरले असते तरी विजेते ठरले असते. ते ०-२ हरले. दोघांचे विजय बावीस, बरोबऱ्या सहा, पराभव सहा, गुण पन्नास. तेव्हा तिथे गोलसरासरी धरत, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. किल्मार्नॉक ६२ भागिले ३३, हार्ट्स ९० भागिले ४९. वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून बघितला: १.८८ आणि १.८४. अठ्ठावीस गोल जास्त करणारा संघ हरला. आजच्यासारखा गोलफरक धरला असता तर हार्ट्स बारा गोलांनी पुढे होते.

पुढे नियम बदलला, गोलफरक आला. १९८६ साली हार्ट्स पुन्हा तिथेच. महिनोन्महिने लीगमध्ये एकही सामना हरले नव्हते. ३ मे, शेवटचा सामना डंडीशी, बरोबरी पुरे. सात मिनिटं उरली असताना आल्बर्ट किड नावाच्या बदली खेळाडूने एक गोल घातला, चार मिनिटांनी दुसरा. तिकडे त्यांच्या पाठोपाठ असलेल्या सेल्टिकने सेंट मिरेनला पाच गोल हाणले. पुन्हा पन्नासला पन्नास, पुन्हा विजय, बरोबरी, पराभव सगळं सारखं. सेल्टिक ६७ आणि ३८, हार्ट्स ५९ आणि ३३. गोलफरकाने सेल्टिक तीन गोलांनी पुढे. आणि जुनी गोलसरासरी असती तर? कर भागाकार. हार्ट्स. एकवीस वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा चालू नियमाने हरले, दुसऱ्याने जिंकले असते. हे गणित सुटलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

आता तुझा न्याय. बरोबरीच्या गाठीला नैसर्गिक असा न्याय नसतो, बाळा. चाळीस म्हणजे चाळीस. त्याच्या पुढे जे काही धरायचं ते माणसांनी आधी बसून ठरवलेलं असतं. मी बघतो ते एवढंच, की ते आधी ठरलं होतं का. एका तालुका पातळीवरच्या स्पर्धेत माझ्या शाळेच्या मुलांचे गुण, गोल सगळं दुसऱ्या शाळेइतकंच झालं. नियम कुणालाच माहीत नव्हता, कागदावरही नव्हता. संयोजकांनी अर्धा तास कुजबुज केली आणि मग स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. माझा गोलकीपर, नववीतला, डब्याकडे बघत उभा होता, हातमोजे काखेत. चिठ्ठी उघडल्यावर त्याने मला विचारलं, "सर, आपण काय चुकलो?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो अन्याय होता, आणि मी त्याबद्दल भांडलो नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या बाबतीत नियम पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता, तूच मला सांगितलंस. आधी ठरलेला नियम म्हणजे काय, हे आपल्या गावात लहान पोरांनाही कळतं. १५ ऑक्टोबरला आपल्या नाथसागर जलाशयात ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांनी पाणी सोडायचं, त्याच्यावर असेल तर नाही. त्या दिवसांत इथल्या चहाच्या टपरीवर लोक साठ्याचा आकडा दशांशासकट बोलतात. कुणी म्हणतं आकडा बदला, त्याचं भांडणही चालतं, चालावंच. पण त्या तारखेला मोजलं जाणारं पाणी जूनपासूनच्या पावसाने आलेलं असतं, त्या एका दिवसाचं नसतं.

तेव्हा मला तुमच्या तिसऱ्या सामन्याबद्दल सांग. तीन गोलांनी पुढे असताना ३-३ कसं झालं? तू तेव्हा फोनवर हसत म्हणाली होतीस, 'अगं जाऊ दे' असं झालं सगळ्यांचं, ऊन होतं. त्या उन्हातले दोन गुण आज हवे होते. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तू राइट बॅक आहेस, तुझ्या बाजूने त्यातले किती आले ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आणि तू राइट बॅक का झालीस तेही मला ठाऊक आहे. १३ मार्चच्या अंतिम सामन्यात मुंबईचा राइट बॅक अमेय रानवडे डोक्याला मार लागून पडला, रुग्णवाहिका आली, तेव्हा तू फोन पालथा घातलास. बिपीन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा विजयी गोल तू बघितलाच नाहीस. दुसऱ्या दिवशी 'तो बरा आहे का' एवढंच विचारत होतीस.

बागानचं पुढे काय झालं ते मात्र तुझ्या मैत्रिणींना सांग. १५ एप्रिल २०२४, पुन्हा शेवटचा साखळी सामना, पुन्हा हेच दोघे, या वेळी कोलकात्यात, खच्चून भरलेल्या मैदानावर. आता बरोबरी मुंबईला पुरे होती. आपल्या गोव्याच्या लिस्टन कुलासोने पहिला गोल मारला, बागान २-१ जिंकलं, गुण अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस, आणि शील्ड त्यांची. तीन वर्षं लागली. आणि तीनच आठवड्यांनी त्याच मैदानावर मुंबईने अंतिम सामना ३-१ असा जिंकला, म्हणजे हिशोब पुन्हा उघडाच.

तुम्ही बरोबरीत होता, हे कुणी पुसू शकत नाही. रडायचं तेवढं रड. फक्त जेवून रड, आक्का काळजी करते.

परीक्षा झाल्या की ये. मामी धपाटे करते म्हणते. तुमच्या लीगचा तक्ता मी आखून ठेवला आहे, निकाल तुझ्याकडून ऐकत भरू. हिरवं स्केचपेन वाळून गेलं, येताना नवीन घेऊन ये.

तुझा,
मामा