चौथ्या मजल्यावरचा व्हाळ

दादरहून मध्यरात्री सुटून सावंतवाडीला जाणाऱ्या तुतारी एक्सप्रेसचे नामकरण २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून झाले. त्याआधी ती नुसती राज्यराणी होती. मराठीच्या प्राध्यापकाने या गाडीत बसताना छाती किंचित फुगवायला हरकत नाही. पण जनरल डब्यात छाती फुगवण्याइतकी जागा नसते, हा भाग वेगळा. परतीच्या गाडीत कोकणी माणूस काय काय घेऊन येतो ते पाहण्यासारखे असते. सोलांच्या पिशव्या, सुरण, नारळ, उकड्या तांदळाचे पोते, क्वचित पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर डोकावणारी कोंबडीची चोच. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर मी याच गाडीने कुडाळहून डोंबिवलीस परतलो तेव्हा माझ्याजवळ सिमेंटच्या पोत्यात आठ किलो माती होती. तिकीट तपासनीस गृहस्थांनी पोते पायाने हलवून विचारले, “काय आहे?” मी म्हटले, “माती.” ते माझ्याकडे बघत राहिले. “नुसती माती?” “नुसती.” ते पुढे गेले. वेड्यांसाठी वेगळे भाडे नसते.

ही माती कशासाठी, ते सांगायला थोडे मागे जायला हवे. आई गावी न्हाणीघरात पडली, खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि घराला कुलूप लावून आम्ही तिला डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर आणले. आयुष्यभर व्हाळाच्या काठी राहिलेली बाई. (व्हाळ म्हणजे ओढा, पण ओढा म्हटले की देशावरचा कोरडा खडकाळ ओढा डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी व्हाळच म्हणतो.) इथे तिला खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. ती बोलेनाशी झाली. खुर्ची भिंतीकडे वळवून बसू लागली. भाच्याने प्रेमाने एक माशांची पेटी आणून दिली. निळा दिवा, प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पंप असा सगळा थाट. आईने त्या दिवशी खुर्ची फिरवली. पण पंपाची घुर्रघुर्र तिला रात्री झोपू देईना, आणि पंप बंद केला की मासे वर येऊन तोंडे उघडू लागत. आठवड्याने पेटी परत गेली. खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली.

तेव्हा हवी होती एक मुकी पेटी. पंप नाही, गाळणयंत्र नाही आणि खर्चही नाही. शेवटची अट आमच्या हिची. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. चाळिशी उलटली, एम.ए. होऊन वीस वर्षे झाली, विद्यार्थी ‘सर’ म्हणतात. परंतु मानधन वर्षातून एकदोनदा, पावसाच्या लहरीने येते. ही म्हणाली, “पंधराशेच्या आत काय करायचे ते करा.”

पेटी घ्यायला कुर्ल्याला गेलो. कुर्ला पश्चिमेचा शोभेच्या माशांचा बाजार हे मुंबईतले एक पाहण्यासारखे ठिकाण आहे, आणि ते पाहुण्यांना कुणी दाखवत नाही. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीत दोन-दोन, चार-चार मासे, आणि त्यांच्याआडून दिसणारी गिऱ्हाइकांची मोठी झालेली, वाकडी झालेली तोंडे. आपण मासे बघतो तसे मासेही आपल्याला बघत असणार. लढाऊ मासे एकेकटे छोट्या बरण्यांत कोंडलेले. ते पाहून मला करमत नाही; ज्या माशाला वळायला जागा नाही त्याला शोभेचा म्हणणे हा शब्दांशी द्रोह आहे. एका दुकानदाराने मला पंप, गाळणी, तापक, रंगीत दगड आणि कर्बवायूचे नळकांडे, एवढी यादी ऐकवली. म्हणाला, “साहेब, मशीनशिवाय झाड जगत नाही.” मी फक्त काच मागितली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी जुनी पेटी सहाशे रुपयांना ठरली. पाणी भरून अर्धा तास तिथेच फुटपाथवर ठेवायला लावली, एक थेंब गळला नाही तेव्हा पैसे दिले. जुनी पेटी घेणाऱ्याने एवढा निर्लज्जपणा अवश्य करावा.

मशीनशिवाय झाड जगत नाही, हे मात्र खरे नव्हे. १८४९ साली लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. बारा गॅलन म्हणजे पंचावन्न लिटर धरा. माझी पेटी जवळजवळ तेवढीच. पाने कुजून काचेवर बुळबुळीत थर चढला तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली, पाणी निवळले आणि संसार सुरळीत चालू लागला. माशाने सोडलेला कर्बवायू व मलमूत्र झाडाने घ्यायचे, झाडाने प्राणवायू द्यायचा, गोगलगाईने झाडलोट करायची. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या भांड्याला वीज कुठली असणार? पुढे १९९९ साली डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी पाणवनस्पतींवर एक पुस्तक लिहून तोच मार्ग अधिक नीट समजावला: तळाशी साधी माती, तीवर खडीचा थर, खिडकीचा उजेड, भरपूर झाडे, मोजके मासे. आमच्याकडेही ही हौस जुनी. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाचा ‘मानसोल्लास’ आम्ही मराठीचे लोक ओवीच्या उल्लेखासाठी वर्गात सांगतो आणि पुढे सरकतो. त्यातच मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे, त्यात माशांच्या जाती आणि त्यांना काय खाऊ घालावे याची चर्चा आहे, हे मुलांना सांगायला परीक्षेमुळे वेळ होत नाही.

तर माती. घराची कौले पाहायला गावी जायचेच होते, त्यामुळे प्रवासखर्च पंधराशेत धरला नाही. (हिने धरला.) भाद्रपद संपताना व्हाळ पाहावा. पावसाळ्यातला गढूळ धिंगाणा ओसरलेला असतो, पाणी गुडघाभर आणि इतके नितळ की तळाचे खडे मोजावेत. काठावर जांभ्याचा कातळ, त्याच्या फटींतून शेवरे, आणि वळणावर जिथे प्रवाह मंदावतो तिथे पाण्याखाली एक अख्खे कुरण डोलत असते. मी लहानपणी त्या सगळ्याला शेवाळ म्हणत असे. आता खाली बसून पाहिले तर चार निरनिराळी झाडे होती. हायड्रिला, बोटभर पानांच्या चक्रांची. लांब फितींची व्हॅलिस्नेरिया. बिनमुळांची, कोल्ह्याच्या शेपटीसारखी सेराटोफायलम. आणि दगडांत घट्ट रुतलेली, पिळदार पानांची क्रिप्टोकोरायनी. या शेवटच्या कुळातल्या काही जाती सह्याद्रीखेरीज जगात कुठे नाहीत. तिला मी हात लावला नाही. पहिल्या तिघींच्या मात्र मूठ-मूठ फांद्या खुडल्या; त्या इतक्या आहेत आणि इतक्या लवकर वाढतात की व्हाळाला पत्ता लागू नये.

हे एवढ्यासाठी सांगतो की या छंदाला एक काळी बाजू आहे. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गतज्ज्ञाने काचेच्या पेट्यांवर पुस्तक लिहिले आणि निम्मे इंग्लंड टोपल्या घेऊन समुद्रकिनारी धावले. खडकांतली डबकी ओरबाडून निघाली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आपल्या आठवणींत त्याबद्दल हळहळून लिहिले आहे. आमच्या व्हाळावर आधीच संकटे कमी नाहीत. वरच्या अंगाला चिऱ्याच्या खाणी, आणि काही टोळभैरव मासे मारायला ब्लीचिंग पावडर ओततात. एका सकाळी मैलभर पाण्यावर पांढरी पोटे तरंगतात. त्यात आणखी माझ्यासारख्या हौशी माणसाची भर नको.

माती घेतली भाताच्या कुणग्याच्या बांधावरून, खत न पडलेली. आपली ही तांबडी माती लोहाने गच्च असते. परदेशातल्या हौशी लोकांना जांभ्याची भुकटी पुडे बांधून विकली जात असे, हे वाचून मला आमच्या अंगणाचा हिशेब करावासा वाटला होता. डोंबिवलीला आल्यावर ती गच्चीवर दोन दिवस वाळवली, ढेकळे फोडली, चाळणीने चाळली. आई खुर्चीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून तोंड उघडले.

“खंयची रे माती?”

“आपल्या कुणग्यातली.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “शेण घालू नको हां. पाणी कुसतला.”

वॉल्स्टॅडबाईंचाही निष्कर्ष थोडाफार असाच आहे; त्यांना तो सांगायला काही पाने लागली.

तळाशी इंचभर माती, तीवर दीड इंच धुतलेली बारीक खडी. खडीवर आधी व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसली तर तीत चुना आहे, ती घेऊ नये. याच कारणाने समुद्राची शिंपल्यांची वाळू चालत नाही. खडीवर एक बशी ठेवून तीवर पाण्याची धार सोडली म्हणजे माती उसळत नाही. नळाचे पाणी एक दिवस बादलीत उघडे ठेवलेले, म्हणजे क्लोरीन उडून जातो. भरलेली पेटी साठ-सत्तर किलोंची होते, हे लक्षात घेऊन ती पुस्तकांच्या फडताळावर न ठेवता शिवणयंत्राच्या जुन्या बिडाच्या सांगाड्यावर, खाली थर्माकोल घालून ठेवली. पूर्वेच्या खिडकीजवळ, सकाळचे दोन तास ऊन, मग एलईडीची पट्टी सहा तास. पेटी सहाशे, पट्टी अडीचशे, खडी ऐंशी, थर्माकोल तीस, वर झाकायला जाळी चाळीस. हजार रुपये. हिने हिशेब दोनदा तपासला.

मग महिनाभर मासे नाहीत. हा काळ कठीण. शेजारी येत, वाकून बघत आणि विचारत, “मासे कुठे आहेत?” पाणी चहासारखे तांबूस झाले, पहिले काही आठवडे मी ते अर्धे-अर्धे बदलत होतो. या दिवसांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू मातीत आणि खडीत वस्ती करतात; माशांच्या विष्ठेतला जहाल अमोनिया ते टप्प्याटप्प्याने सौम्य करतात, आणि झाडेही तो खातात. ही वस्ती बसण्याआधी मासे सोडणे म्हणजे न्हाणीघर बांधायच्या आत पाहुणे बोलावणे. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी हायड्रिलाच्या पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरले आणि एकेक सुटून सरळ रेषेत वर जाऊ लागले. प्राणवायू! पंप नव्हता, आवाज नव्हता. आईने खुर्ची कधी फिरवली ते मला कळले नाही. संध्याकाळी पाहिली तेव्हा ती फिरलेली होती.

कार्तिकात भातकापणीला गेलो तेव्हा चुलतभावाने ओल्या पंच्याची झोळी करून व्हाळातले सहा मासे धरून दिले. बोटाएवढे, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर चकाकती टिकली. शास्त्रीय नाव ॲप्लोकायलस लिनिएटस. पाण्याच्या पृष्ठभागाखाली काडीसारखे स्थिर उभे राहतात आणि डासाची अळी दिसली की लुप्त होऊन तिच्या जागी प्रकट होतात. आरोग्य खात्याकडून मिळणारे गप्पी मासेही स्वस्तात हौस भागवतील, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पेटीतून व्हाळात वा विहिरीत गेले तर इथल्या माशांच्या तोंडचा घास घेतात. पेटीतले काहीच बाहेर सोडू नये, छाटलेली फांदीसुद्धा. आमच्याकडे ती वाळवून तुळशीच्या कुंडीत जाते. मासे तुतारीने आले, पाच लिटरच्या कॅनमध्ये, अर्धे पाणी, अर्धी हवा. या खेपेला तपासनीसांनी काही विचारले नाही. हे मासे उडी मारतात, म्हणून जाळी.

आता पंधरा दिवसांनी एक बादली पाणी काढायचे, तेही तुळशीला. चिमूटभर खाणे, एक दिवस आड. उन्हाळ्यात डोंबिवलीची वीज चार-चार तास गेली तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पेटीत हाताने पाणी ढवळत बसले होते. आमच्या घरात फक्त माणसांना उकडत होते.

आई आता बोलते. मुख्यतः माशांबद्दल, आणि माशांवरून व्हाळाबद्दल, आणि व्हाळावरून ज्यांच्या म्हशी त्यात डुंबत त्या सगळ्यांबद्दल. काही नावे मी प्रथमच ऐकतो आहे. ती गावी परत जाऊ शकणार नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. फाल्गुनात एका सकाळी मी कॉलेजला निघालो असता तिने हाक मारली. पाण्यावर तरंगणाऱ्या सेराटोफायलमच्या दाटीत काहीतरी होते. नखाच्या कातरणाएवढे, पारदर्शक, दोन डोळे.

“पाच आसत,” ती म्हणाली.

मी चष्मा पुसून वाकलो. मला तीनच दिसली.

“नीट बघ,” ती म्हणाली. माझी आठ अठ्ठावीसची लोकल गेली.