रात्रीच्या वर्गातील पहिला तास

सावंतवाडी,
रविवार

चि. सुलभा हीस,

तुझे पत्र परवा पावले. परळच्या शाळेत रात्री आठ ते साडेनऊ या वेळात प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग चालविण्याचे तू पत्करले आहेस आणि उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी त्याचा आरंभ आहे, हे वाचून मला अतिशय संतोष झाला. पहिल्या दिवशी काय शिकवावे, एवढेच तू विचारले आहेस. परंतु ज्याने आपली उमेदीची वर्षे लालबाग-परळच्या रात्रशाळांत घालविली त्याला या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देणे साधत नाही. पत्र लांबले तर दोन बैठकींत वाच.

आधी खोलीविषयी लिहितो. वर्ग प्राथमिक शाळेत भरणार, म्हणजे बाके तिसरी-चौथीतल्या मुलांच्या मापाची असणार. दिवसभर उभ्याने नोकरी केलेला पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ किंवा घरचा स्वयंपाक उरकून लगबगीने आलेली बाई त्या बाकात गुडघे आखडून बसली, की ज्या शाळेने एके काळी आपल्याला नापास म्हणून बाहेर काढले त्याच शाळेत आपण पुन्हा येऊन बसलो, अशी भावना तिच्या मनात उभी राहते आणि मग तुझ्या तोंडून निघालेले कितीही गोड शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून शनिवारीच शिपायाला भेटून शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्या मिळतात का ते पाहा. न मिळाल्या तर बाके भिंतीला लावून सतरंजी अंथर आणि तूही त्यांच्याबरोबर खाली बस. हजेरी मांडताना प्रत्येकाचे नाव तो सांगेल तसे लिहून घे, पण शिक्षण किती झाले हा प्रश्न चारचौघांत विचारू नकोस. नोकरीच्या अर्जावर, रेशनच्या कचेरीत, मुलाच्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर मान खाली घालून अनेकदा दिलेले असते. त्यांतले पुष्कळजण तुझ्याहून वडील असतील. त्यांना अहो-जाहोच कर, मग ते तुला मॅडम म्हणोत की बाई.

ही माणसे का येतात हे तुला ठाऊक असले पाहिजे. 1948 साली मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाच्या काळात पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवण्यात आले. त्यामागचा हेतू मातृभाषेच्या शिक्षणाला बळ देण्याचा होता आणि तो हेतू मला आजही आदरणीय वाटतो. पण ज्यांनी सातवीनंतर शाळा सोडून गिरणीत बदली कामगार म्हणून नाव नोंदविले, त्या असंख्य मुलांच्या डोळ्यांना इंग्रजी अक्षराचा स्पर्शही झाला नाही, ही त्या निर्णयाची दुसरी बाजू होती. पुढे इंग्रजी पाचवीपासून आले, तेव्हा दहावीच्या परीक्षेत त्याच एका विषयात अडकून राहणाऱ्यांची पिढी निर्माण झाली. 2000 साली ते राज्यातल्या सर्व शाळांत पहिलीपासून सुरू झाले आणि त्याच सुमारास आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालण्याची ओढही गिरणगावातल्या चाळींत वाढत गेली. त्यामुळे तुझ्या वर्गात अशी एखादी आई नक्की येईल, की जिच्या पिशवीत मुलाची शाळेची डायरी असेल आणि त्या डायरीत बाईंनी लाल शाईने लिहिलेल्या दोन ओळी कोणाकडून वाचून घ्याव्यात याची लाज तिला वाटत असेल. ज्या जमिनीवर बापाने सांचे चालविले त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या मॉलच्या दारात बारा तासांची ड्यूटी करणारा सुरक्षारक्षक येईल. रुग्णालयातला वॉर्डबॉय येईल. या सर्वांचा पोटापाण्याशी संबंध आहे. पण केवळ पोटापाण्याचाच आहे असे समजू नकोस.

माझ्या वर्गात एक निवृत्त गिरणी कामगार येत असत, त्यांची हकीकत तुला सांगतो. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यांतले ते एक. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या जमिनींपैकी किती भाग मोकळ्या जागेसाठी, किती घरांसाठी आणि किती मालकांसाठी, हा वाद विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाभोवती कित्येक वर्षे चालला. 2001 साली त्या नियमात केलेल्या दुरुस्तीने वाटणीसाठीची जमीन फार आक्रसली; उच्च न्यायालयाने कामगारांना आशा वाटावी असा निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तो फिरवून दुरुस्ती कायम केली. आपल्या राज्याने 1964 च्या अधिनियमाने मराठीला राजभाषेचा दर्जा दिला खरा, तथापि संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदामुळे वरिष्ठ न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच चालते. तेव्हा ज्यांच्या आयुष्याचा तो निकाल होता त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो वाचता येत होता. हे गृहस्थ त्या निकालाची झेरॉक्स प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर्गात आले. त्यातले तात्पर्य त्यांना पुढाऱ्यांकडून केव्हाच कळलेले होते. त्यांना नवी बातमी नको होती. आपल्याविषयी जे लिहिले गेले तो मजकूर आपल्या डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. संपूर्ण निकाल त्यांना कधी वाचता आला नाही. पण कोणत्या पानावर कामगारांचा उल्लेख आहे ते बोट ठेवून दाखवू लागले, आणि त्या त्या ओळीचा अर्थ मला विचारू लागले. या इच्छेला मी फार मोठी मानतो. नोकरीतल्या बढतीसाठी येणाऱ्याइतकाच अशा माणसाचाही तुझ्या वर्गावर हक्क आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तके प्रौढांना आधी अभिवादन शिकवितात, मग आभार आणि मग क्षमायाचना. मला हा क्रम मान्य नाही. ज्याला दिवसातून शंभर वेळा 'सॉरी सर' म्हणावे लागते त्याला वर्गात येऊन तेच शब्द अधिक शुद्ध उच्चारात म्हणायला शिकविणे, म्हणजे त्याच्या पायातली बेडी घासून चकचकीत करून देणे आहे. माझ्या मते पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवावे, आणि ते समोरच्याला थांबविणारे असावे: 'प्लीज से इट अगेन, स्लोली.'

याचे कारण असे. इंग्रजी न समजणारा प्रौढ मनुष्य मुलासारखा गोंधळून बघत राहत नाही. तो मान डोलावतो. जगात वावरून त्याने हे एक कौशल्य हस्तगत केलेले असते, की समजले नाही तरी समजल्यासारखे दाखवायचे आणि वेळ निभावून न्यायची. डॉक्टर औषधाचा क्रम सांगतात, तो मान डोलावतो. विम्याचा प्रतिनिधी अटी वाचून दाखवितो, तो मान डोलावून सही करतो. पालकसभेत मुख्याध्यापिका इंग्रजीतून बोलतात, आई मान डोलावून घरी परतते. या डोलावलेल्या मानेची किंमत चुकीच्या वेळी घेतलेल्या गोळ्यांत आणि न वाचलेल्या दस्तऐवजांत मोजावी लागते. कोणतेही व्याकरण शिकण्यापूर्वी ही मान थांबली पाहिजे, आणि ती थांबायची तर समोरच्याला पुन्हा, सावकाश बोलायला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे हे त्या माणसाला अनुभवाने कळले पाहिजे. व्याख्यान देऊन ते कळत नाही.

म्हणून असे कर. ते वाक्य फळ्यावर प्रथम देवनागरीत लिही, खाली रोमन अक्षरांत लिही, सर्वांकडून चार-पाच वेळा एकत्र म्हणवून घे. एकेकाला उभे करू नकोस. मग सांग, की आता मी डॉक्टर आहे, आणि गोळी जेवणापूर्वी घ्यायची की जेवणानंतर, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे सगळे इंग्रजीत एका दमात भराभर बोल. कोणीतरी ते वाक्य उच्चारले की तत्क्षणी थांब, पुन्हा आरंभापासून सावकाश बोल. पुन्हा कोणी थांबविले तर पुन्हा थांब, मग ते दहा वेळा होवो. प्रारंभी वर्ग बिचकेल. शिक्षकाला थांबविणे ही शाळेत न करण्याची गोष्ट आहे असेच त्यांना आजवर शिकविले गेले आहे. एकाने धीर केला की मात्र सगळा वर्ग सरसावतो. एका वॉर्डबॉयने मला अशा रीतीने लागोपाठ अडविले, आणि शेवटी जेव्हा त्याला 'आफ्टर मील्स' एवढे दोन शब्द वेगळे ऐकू आले तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "हे तर मला ठाऊक आहे, आमच्या वॉर्डात रोज म्हणतात!"

त्याचे ते उद्गार विसरू नकोस, कारण तासाचा उरलेला भाग त्यावरच उभा करायचा आहे. तुझ्यासमोर बसलेली माणसे इंग्रजी शब्दांनी रिकामी नसतात. गिरणीतल्या माणसाजवळ शिफ्ट, जॉबर, बॉबिन, स्पिनिंग, ओव्हरटाइम, बोनस होते. आजच्या रक्षकाजवळ गेटपास, एन्ट्री, व्हिजिटर, पार्किंग आहेत. वॉर्डबॉयजवळ ड्रेसिंग, सलाईन, डिस्चार्ज आहेत. हे शब्द त्यांच्याकडूनच माग. जो जे सांगेल ते फळ्यावर देवनागरीत मांड आणि त्याच्यासमोर रोमन लिपीत लिही. फळा भरेपर्यंत तू काही देऊ नकोस, फक्त घे. आपल्या तोंडात रोज असलेला शब्द त्या परक्या लिपीत कसा दिसतो ते पाहताना प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर जो प्रकाश येतो, त्यासाठी मी आयुष्यभर रात्रीचे जेवण उशिरा घेत आलो. ए-बी-सी-डी दुसऱ्या आठवड्यात आली तरी काही बिघडत नाही; त्या फळ्यावरच्या शब्दांतूनच ती येईल.

चुका पहिल्या दिवशी दुरुस्त करू नकोस. आपल्या भाषेत 'ए' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, तेव्हा ती गळणारच. दोन वेगळ्या इंग्रजी ध्वनींसाठी आपण एकच 'व' वापरतो, 'ट' आणि 'ड' आपले मूर्धन्यच निघतात. त्यामुळे अर्थाची फारशी हानी होत नाही, आणि जिथे होते ते पुढे सावकाश सांगता येते. चुकीवर हसू मात्र कोणाचेही खपवून घेऊ नकोस. रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, इंग्रजी शिकू लागल्याबद्दल घरातल्या बायकांकडून त्यांना काय सोसावे लागले ते लिहून ठेवले आहे. न्यायमूर्तींच्या पत्नीची ही कथा. तर चाळीतल्या सुनेला सासू आणि जावा काय ऐकवीत असतील याचा विचार कर. ती टोमणे ऐकून तुझ्याकडे आलेली असते. तुझ्या वर्गात तिला तेच पुन्हा ऐकावे लागले तर दुसऱ्या दिवशी ती येणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

आनंदीबाई जोशी यांचेही उदाहरण मला नेहमी आठवते. त्यांचे पती गोपाळराव यांची शिस्त कठोर होती हे सर्वविदित आहे. पण आनंदीबाईंच्या इंग्रजीला खरा बहर आला तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंशी पत्रव्यवहार सुरू झाल्यावर, असे माझे मत आहे. त्यांना लिहायला कोणीतरी होते आणि सांगायला काहीतरी होते. 1883 साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालातल्या श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले, तेही आपण का जात आहोत हे लोकांना सांगण्यासाठी. तुझ्या वर्गातही प्रत्येकाचा असा एक श्रोता शोधून काढ. डायरीवाल्या आईला मुलाच्या बाईंना दोन ओळींचे उत्तर लिहायचे आहे. महिनाअखेर तिने ते आपल्या हाताने लिहावे, हेच तिचे क्रमिक पुस्तक.

जोतीराव फुल्यांनी 1855 साली पुण्यात आपल्या राहत्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली आणि ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रीचे वर्ग चालविले, तेव्हापासून या कामातली एक अडचण अजून तशीच आहे: माणूस थकलेला असतो आणि त्याची वेळ त्याच्या मालकीची नसते. गिरणीच्या दिवसांत पाळी बदलली की आठवडाभर निम्मा वर्ग ओस पडे. आता रक्षकांची ड्यूटी तशीच फिरते. म्हणून गैरहजेरीला आळस समजू नकोस. मंगळवारी जे येणार नाहीत त्यांची नावे काढ आणि बुधवारी वर्गापूर्वी त्यांच्या चाळीत जाऊन ये; जाताना सोमवारी फळ्यावर लिहिलेले शब्द एका कागदावर उतरवून ने, आणि ज्यांची पाळी बदलली असेल त्यांच्यासाठी रविवारी दुपारी तासभर देता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारून ठेव. बायकांना रात्री आठची वेळ सोयीची आहे का हेही त्यांनाच विचार. माझ्या वेळी त्यांना दुपारी तीनची वेळ बरी पडे, मुले शाळेतून येण्यापूर्वीची.

माझ्या जुन्या पाठांच्या वह्या कपाटात आहेत. गणेश पुढच्या आठवड्यात मुंबईस येत आहे, त्याच्याबरोबर पाठवितो. तुझ्या आईस माझा नमस्कार सांग. सोमवारी कोण कोण आले आणि फळ्यावर कोणते शब्द आले, ते सविस्तर लिहून कळव.

कळावे,
तुझा मामा