गाडीचे ऐका, मग गाणे लावा

रविवारची सकाळ होती. बाबांना पुण्याहून इंग्लंडला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला न ठेवला, तोच मुलगा त्यांना हाताला धरून घरापुढे घेऊन गेला आणि त्याने गाडीवरचे आवरण ओढून काढले.

गाडी लाल, बुटकी आणि दोनच माणसांची. वरचे छप्पर कापडी, मागे दुमडून ठेवता येणारे. पुढचे दिवे बटण दाबताच बॉनेटमधून वर येणारे. १९९२ सालची माझदा एमएक्स-५. या जपानी गाडीची पहिली आवृत्ती १९८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. स्पोर्ट्स कार असूनही इंजिन अवघे १.६ लिटरचे, वजन टनाच्या आतले. म्हणूनच मध्यमवर्गीय माणसाला तिचे स्वप्न पाहणे परवडते. मुलाने ते स्वप्न कॉलेजात असताना पाहिले होते आणि चाळिशी ओलांडल्यावर पूर्ण केले होते.

"बसा बाबा. आधी गाणं ऐकवतो."

पंडित भीमसेन जोशींचा अभंग सुरू झाला. दारांत नवे स्पीकर होते आणि आसनांच्या मागच्या फळीवर भलामोठा ॲम्प्लिफायर. मुलगा वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होता. बाबांनी थोडा वेळ ऐकले आणि विचारले, "आवाज मोठा आहे रे. पण टाळ कुठं आहेत?"

टाळ वाजत होते. मुलाने आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. शेजारच्या घराची खिडकी बंद झाली. टाळ मात्र बाबांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

दारात उभ्या असलेल्या सुनेने हे पाहिले. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "फोनवर बाबा नुसतं 'हो, हो' म्हणतात ना, तेव्हा त्यांना ऐकूच आलेलं नसतं. तुला वाटतं लाइन खराब आहे."

मुलगा काहीच बोलला नाही. बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये ३४ वर्षे काढली होती. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात. कानात बोळे घालण्याची पद्धत तेव्हा त्यांच्याकडे नव्हती.

हाताला लागलेली ओल

एके काळी याच बाबांचे कान फार तिखट होते. घरी जुनी फियाट होती. दर रविवारी बॉनेट उघडून ते तेल आणि पाणी बघत. मग इंजिन चालू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला लावत आणि मूठ कानाशी धरून ऐकत उभे राहत. गाडीत रेडिओ बसवू या म्हणून मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांचे उत्तर ठरलेले असे, "मग गाडी काय म्हणते ते कसं कळणार?"

आता कान साथ देत नव्हते, पण हात आणि डोळे शाबूत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा उठून बघतो तो बाबा गाडीत ओणवे होऊन आसनांच्या मागचे कार्पेट चाचपत होते.

"इथं ओल आहे."

"पाऊस झाला ना परवा."

"पाऊस बाहेर झाला. पाणी आत कसं आलं?"

उघड्या छपराच्या गाडीतले हे पहिले दुखणे. कापडी छपरावरचे पाणी मागच्या कडेने खाली उतरते आणि दोन्ही दारांच्या मागे असलेल्या छिद्रांतून, नळीवाटे गाडीच्या खाली निघून जाते. या छिद्रांत पाने आणि माती साचली की पाणी तुंबते. मग ते आत शिरते आणि दाराखालच्या उंबरठ्याच्या पोकळ पत्र्यात मुरते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून पत्रा कुजत असतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंज आणखी वेगाने धरतो. हा उंबरठा केवळ शोभेचा नाही, गाडीची ताकद त्यावर असते. म्हणूनच तिथल्या एमओटी या वार्षिक तपासणीत तो गंजलेला आढळला तर गाडी नापास होते.

उपाय अगदी साधा. वर्षातून दोनदा ही छिद्रे साफ करायची. त्यासाठी मऊ, लवचिक प्लास्टिकची दोरी वापरावी. टोकदार तार किंवा जोराची हवा वापरली तर नळी फाटते किंवा जागेवरून निसटते. मग वरून कपभर पाणी ओतून ते मागच्या चाकापुढे जमिनीवर पडते की नाही ते बघायचे. बाप-लेकांनी पाणी ओतले. डावीकडून ते लगेच खाली आले. उजवीकडून थेंबही आला नाही. अर्ध्या तासाने त्या बाजूने मूठभर काळा गाळ निघाला.

चकाकीमागचे रबर

त्या दिवशी बाबांनी खाली बसून चारही टायर पाहिले. नक्षी छान खोल होती. मुलाला त्याचा अभिमान होता. बाबांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले, २३१५. म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. शौकाची गाडी फार चालत नाही, त्यामुळे टायर झिजत नाहीत, पण रबराचे वय वाढतच असते. ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. अशा गाडीचा टायर नक्षीबरोबर तारीख बघूनही बदलायचा असतो.

टायमिंग बेल्टचेही तसेच. या गाडीत तो साधारण ६० हजार मैलांनी, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटरनंतर बदलायचा. जुन्या मालकाकडे बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे समजून कामाला लागावे. पाण्याचा पंपही त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण हा पट्टा उतरवल्याशिवाय पंप काढताच येत नाही. दोनदा मजुरी कशाला? या १.६ लिटरच्या इंजिनात पट्टा तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. इतर अनेक गाड्यांचे नशीब एवढे चांगले नसते. तिथे तुटलेला पट्टा सगळे इंजिनच घेऊन जातो.

ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून गाडी चालो वा न चालो, ते दोन वर्षांनी बदलावे. छप्पर उघडताना मागची प्लास्टिकची खिडकी आधी चेन उघडून सपाट करून ठेवावी. थंडीत ती घाईने दुमडली की तडकते.

"पट्टा कधी बदललास?" बाबांनी विचारले.

मुलाकडे पावती होती, पण ती ॲम्प्लिफायरची.

एका फ्यूजची गोष्ट

खरा धक्का तिसऱ्या दिवशी बसला. बाबांनी डिकी उघडायला लावली. या गाडीची बॅटरी पुढे इंजिनाजवळ नसते, मागे डिकीत असते. तिच्यापासून एक जाड लाल वायर निघून, पत्र्याला पाडलेल्या भोकातून, आसनांमागच्या ॲम्प्लिफायरकडे गेली होती. बाबांनी तिच्यावरून बोट फिरवले. भोकाच्या धारदार कडेवर वायरीचे वरचे आवरण घासून पातळ झाले होते.

"हिला फ्यूज कुठं आहे?"

"बॅटरी इतकी जवळ आहे, फ्यूजची गरज नाही, असं बसवणारा म्हणाला."

"आणि या फळीच्या खाली काय आहे?"

मुलगा गप्प झाला. या गाडीत आसनांच्या मागे, त्याच फळीखाली पेट्रोलची टाकी असते.

बाबांनी त्याला रागावले नाही. त्यांनी पाना मागितला आणि स्वतःच्या हाताने ती वायर बॅटरीपासून सोडवली. मग तिथेच पायरीवर बसून त्याला समजावले. फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. सहाशे वॅटचे यंत्र १२ व्होल्टवर चालले की किमान ५० अँपिअरचा प्रवाह ओढते. आवरण फाटून अशी वायर गाडीच्या पत्र्याला टेकली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर सोडते आणि वायर काही क्षणांत लाल होते. वायर लांब असो की आखूड, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर हवा. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश हवे. आणि फळीत स्क्रू मारण्यापूर्वी खाली काय आहे ते ठाऊक हवे.

थोडा खर्च, नेमका आवाज

मग गाण्याचे काय? बाबांनी गाणे बंद करायला सांगितले नाही. काम नव्याने केले गेले, या वेळी विचार करून.

मोठा ॲम्प्लिफायर काढून लहान बसवला. उघड्या गाडीत वाऱ्याचा घोंघाट खर्जाचे स्वर आधी गिळतो. त्यावर ताकदीचा मारा करण्यापेक्षा दारातले स्पीकर घट्ट बसवणे जास्त उपयोगाचे ठरते. दाराच्या आतल्या पत्र्याला कंप शोषणारे रबरी पत्रे चिकटवून मोठी भोके बुजवली की त्याच स्पीकरचा आवाज भरदार होतो. मात्र दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची भोके उघडीच ठेवायची, नाही तर दार आतून गंजते. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येऊ नये म्हणून विजेची वायर एका बाजूने आणि आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने न्यायची. अर्थिंगची वायर आखूड ठेवून रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्याला घट्ट आवळायची. या गाडीच्या पहिल्या पिढीत काही गाड्यांना डोके टेकण्याच्या उशीतच छोटे स्पीकर येत. ते कानाशी असल्याने कमी आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतात.

कमी आवाज, हाच कळीचा मुद्दा. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये, असे तज्ज्ञ सांगतात. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. छप्पर उघडून महामार्गावर भरधाव जाताना वाऱ्याचाच आवाज मोठा असतो, त्यावर गाणे चढवले की कान दुहेरी मार खातात. कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. टाळ, पक्षी, नातवंडांचे बोलणे.

एका संध्याकाळी सून म्हणाली, "गाडीची तपासणी दरवर्षी न चुकता करतोस. कानांची कधी केलीस?" प्रश्न नवऱ्याला होता, पण मान बाबांनीही खाली घातली.

भारतातल्या गाड्यांनाही

हे सारे फक्त विलायतेतल्या लाल गाडीपुरते नाही. आपल्याकडे आता अनेक गाड्यांना सनरूफ असते. त्याच्या चारही कोपऱ्यांतून अशाच नळ्या खाली जातात आणि झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत त्या अशाच तुंबतात. छतातून पाणी गळते म्हणून घाबरण्याआधी, पावसाळ्यापूर्वी त्या साफ करून घ्याव्यात. नव्या गाडीत स्टिरिओ बसवताना मूळ वायरी कापू देऊ नयेत, जोडणीसाठी तयार कपलर मिळतात. वायर कापल्याने वॉरंटी अडचणीत येऊ शकते आणि आगीचा धोका वेगळाच. दुकानदाराला किती वॅट हे विचारण्यापूर्वी फ्यूज कुठे बसवणार ते विचारावे.

बाबा पुण्याला परतले. कानांची तपासणी झाली, दोन्ही कानांना यंत्रे लागली. पहिले काही दिवस त्यांनी कुरकुर केली. पंख्याचा आवाज नको, भांड्यांचा खणखणाट नको. मग सवय झाली.

एका रविवारी त्यांचा फोन आला. "गाडी सुरू कर. फोन बॉनेटजवळ धर."

मुलाने इंजिन चालू केले. थंडगार सकाळ होती. फोन धरून तो उभा राहिला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"टिकटिक करतेय रे," बाबा म्हणाले. "व्हॉल्व्हकडून येतेय. तेल किती दिवसांत बदललं नाहीस?"

या इंजिनाची ही जुनी खोड. तेल जुने झाले किंवा कमी झाले की थंड इंजिन सुरुवातीला टिकटिकते. टिकटिक कित्येक महिने होत होती. मुलगा गाडीत बसताच गाणे लावत असे, म्हणून त्याला ती कधी ऐकूच आली नव्हती.

"आज बदलतो, बाबा," तो म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "टाळ ऐकू येतात का आता?"

"येतात," बाबा म्हणाले. "पण आधी तेल बदल."