गच्चीवरचं तण

चिरबोटी म्हटल्यावर आमच्या पुण्याच्या टीममध्ये कुणाच्याच डोक्यात काही येत नाही. रानपोपटी म्हणा, तरी तेच. शेवटी "मॉलमध्ये डबीत मिळते ना रसभरी, तिची रानातली धाकटी बहीण" असं सांगितलं की मग ट्यूब पेटते. तुमच्यापैकी कुणी मराठवाड्यात लहानपण काढलं असेल तर एवढं सांगायची गरजच नाही. आकाशकंदिलासारखं टरफल, आत वाटाण्याएवढं फळ. हिरवं असेल तर कपाळावर आपटून फट्ट आवाज काढायचा, वाळकं असेल तर टरफल सोलून फळ तोंडात. आंबट-गोड, मागून किंचित टोमॅटोची चव. ती येणारच, कारण खानदान टोमॅटो-वांग्याचंच.

आणि खानदान भलतंच जुनं. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात याच कुळातल्या फळाचा टरफलासकट जीवाश्म सापडला, तो ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. ही बातमी २०१७ ची. आपल्या रानातल्या चिरबोटीला 'फायसॅलिस मिनिमा' हे नाव लिनियसने १७५३ मध्येच देऊन ठेवलंय. असो.

माझं आजोळ नांदेड जिल्ह्यात, लोह्याजवळ. लातूरहून चाकूर, अहमदपूर करत एसटीनं जायचो. गणपती-दसऱ्याच्या दिवसांत गेलं की आजी रानातून येताना ओच्यात चिरबोट्या घेऊन यायची. ही काही कुणी लावलेली नसायची. खुरपताना बायका बाकीचं तण उपटायच्या आणि एखाददुसरं झाड तेवढं सोडून द्यायच्या. म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी बग, पोराटोरांच्या लेखी फीचर, आणि तो ठेवायचा की काढायचा हे ठरवणार खुरपं हातात असलेली बाई.

तर झालं असं, की तीन वर्षांपूर्वी लातूरच्या घराच्या गच्चीवर लावायला मला तिचं बी हवं होतं. भाद्रपदात मुद्दाम सुट्टी काढून आजोळी गेलो. मामाचं सोयाबीनचं सगळं वावर पालथं घातलं, एक झाड दिसलं नाही. कारण साधं आहे. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी आता तणनाशक फवारतात. सोयाबीनमध्ये त्यातलं बरंचसं इमॅझेथापायरच्या जातीचं असतं. ते झाडातलं एक एन्झाइम बंद पाडतं, आणि त्यावाचून तीन अमिनो आम्लं तयार होत नाहीत. सोयाबीन हे औषध पचवून टाकतं, कोवळ्या तणाला ते जमत नाही. बाईचं खुरपं निवड करायचं, पंपाला ती भानगडच नाही.

मी हळहळलो, तर मामी म्हणाली, "तुला चिरबोटी ग्वाड लागत असल बाबू, पण खुरपून खुरपून कंबर कुणाची गेली? दिसभर उकिडवं बसायचं उन्हात. अन् आता बाया तरी मिळायल्या का कामाला?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'विषमुक्त शेती'चे लंबेचौडे फॉरवर्ड येतात, त्यात खुरपणी कोण करणार हे कुठंच नसतं. ते काम बायकाच करत आल्या आहेत, आणि मी तर आठ-दहा तास खुर्चीत बसून पाठदुखीची तक्रार करणारा माणूस.

बी मात्र मामीनंच शोधून दिलं. उकिरड्याच्या कडेला चार झाडं होती, पंप तिथं पोचत नाही म्हणून वाचलेली. खाली गळून पडलेल्या, टरफल वाळून पिवळं झालेल्या चिरबोट्या तेवढ्या उचलल्या. झाडावरची हिरवी घ्यायची नाही, खायची तर मुळीच नाही. कच्चं फळ आणि पाला दोन्ही बाधतात. मग वाटीतल्या पाण्यात फळं कुस्करली, गर वर आला, बी तळाशी बसलं, ते कागदावर सावलीत वाळवलं.

लावणं अवघड नाही. बी अगदी वरवर पेरायचं, माती ओलसर ठेवायची, आठ-दहा दिवसांत उगवतं. ऊन भरपूर लागतं. खताचा लाड केला तर नुसता पाला माजतो. वांग्याला लागणारी पांढरी माशी हिलाही लागते, ती मी संध्याकाळी पाण्याच्या फवाऱ्यानं पाडतो (म्हणजे शनिवार-रविवारी मी, एरवी आई). फुलं फिकट पिवळी, खाली मान घातलेली. फळ धरलं की फुलाच्या बुडाचा हिरवा पेला वाढत जाऊन फळाला सगळीकडून झाकून टाकतो. हे बघायला मी सकाळी उठतो, यावर घरात कुणाचा विश्वास बसत नाही.

पाणी हा मात्र आमच्याकडं नाजूक विषय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हापासून आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जात नाही. "तणाला पाणी घालणारं अख्ख्या लातुरात आपलंच घर," असं पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तरी पडलेली फळं वेचायला पहिले तेच वर जातात.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये चिरबोटीच्या तिकडच्या बहिणीवर जीन एडिटिंग करून बघितलं. झाड अस्ताव्यस्त पसरतं आणि फळं गळून पडतात, म्हणून ती शेतात नीट घेता येत नाही, ही त्यांची अडचण. काम हुशारीचं आहे, वादच नाही. पण गळणं मला तरी सोयीचंच वाटतं. पडलं म्हणजे पिकलं, वेगळं टेस्टिंग नको.

यंदा आई माहेरी गेली तेव्हा डबाभर चिरबोट्या घेऊन गेली. मामीनं दोन खाल्ल्या आणि बाकीच्या पदराला बांधल्या. पंप पोचत नाही अशा बांधाच्या टोकाला टाकते म्हणाली. मामाला अजून सांगितलेलं नाही.