पिंपळगाव राजाचे ऊन आणि फिनलंडची सौना

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाला मे महिन्यात भरदुपारी उतरलात, तर डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय पाऊल टाकवत नाही. काळ्या रानातली ढेकळे तापलेली असतात, पारा ४० अंशांच्या वर असतो.

फिनलंड या थंड देशात लोक मुद्दाम लाकडी खोली ८० अंशांपर्यंत तापवून घाम काढतात. तिला सौना म्हणतात. तेथील २,३१५ पुरुषांची सुमारे २० वर्षे पाहणी झाली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्यांत, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा, हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू कमी आढळले. सौनामुळेच कमी, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

"मग आम्ही तर रोजच घाम गाळतो!" असे तुम्ही म्हणाल. फरक ध्यानी घ्या. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी जलद चालते. फिनलंडचा माणूस पाव तास स्वस्थ बसतो, मग बाहेर येऊन अंग गार करतो. आपण उन्हात तासन्‌तास राबतो. हृदयाला कातडी आणि राबणारे स्नायू, दोन्हींना रक्त पुरवावे लागते. त्यातच घामाने अंगातले पाणी घटते, आणि ताण आणखी वाढतो.

तेव्हा वखरणी सकाळीच उरका. तहानेची वाट न पाहता पाणी प्या, दुपारी कडुलिंबाखाली टेका. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. उन्हात कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. राहिलेले तास उद्याही पडेल.