बोळकें कणीस

गेल्या पावसाळ्यांत आजीनें परसांत मक्याच्या चार ओळी लाविल्या होत्या. ताटें पुरुषभर उंच झालीं. शेजारच्या काकूंनीं तीं पाहून तोंडभर वाखाणिलीं. परंतु पहिलें कणीस सोललें तेव्हां आजी स्तब्ध झाली. म्हाताऱ्याच्या तोंडांत उरलेल्या दातांप्रमाणें त्यांत कोठें एक, कोठें दोन दाणे. बाकी सारें बोळकें! दुसरें, तिसरेंही तसेंच. "काकूंची दृष्ट लागली," असें म्हणून आजीनें त्यांच्याशीं बोलणें टाकिलें.

मी मात्र गप्प होतों. ताटांना तुरे आले तेव्हां ते मोडून मीं वासराला घातले होते. कणीस खालीं लागतें, मग वरच्या तुऱ्याचें काय काम, असें मला वाटलें होतें.

मन स्वस्थ बसेना, म्हणून मीं शास्त्राच्या गुरुजींना विचारलें. त्यांनीं एक कोवळें कणीस उलगडून दाखविलें. शेंड्यांतून लोंबणारा प्रत्येक केस आंत एकेका होऊं घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यांतील पराग वाऱ्यानें येऊन त्या केसावर पडला, तरच तो दाणा भरतो. चांगल्या कणसांत चारपांचशें दाणे असतात; म्हणजे तितक्या केसांना पराग लाभावा लागतो. बुडाकडील केस आधीं बाहेर पडतात, शेंड्याचे शेवटीं. तोंवर पराग सरला तर शेंडा रिकामा राहतो. कडक ऊन व कोरडा वारा यांनींही केस वाळून दाणे चुकतात. आमच्या परसांत ऊनही नडलें नव्हतें व दृष्टही लागली नव्हती. माझ्या हातून सुटलेल्या दोनचार तुऱ्यांनीं जेवढा पराग दिला, तेवढेच दाणे धरले होते.

दोन दिवस मला अन्न गोड लागलें नाहीं. दाणे गेले ते गेले. परंतु माझ्या मौनामुळें एका निरपराध बाईवर आळ आला होता. चुकीचें कारण गुरुजींनीं समजाविलें, पण ती कबूल करण्याचें धैर्य माझें मलाच आणावें लागलें. अखेर मीं आजीला सर्व सांगितलें. ती रागावली नाहीं. बराच वेळ कणीस हातांत फिरवीत बसली, मग उठून काकूंच्या दाराशीं गेली.

यंदां पुन्हां मका लाविला आहे. बियाणें काकूंनीं दिलें. तुरे आले आहेत. वासरूं कुंपणावरून मान लांबवितें, पण मीं त्याच्यासाठीं दुसरीकडून गवत आणून ठेविलें आहे.