हळदीच्या मुलखात 'कमवा आणि शिका'

हिंगोलीहून औंढा नागनाथकडे जाणारी सकाळची एसटी पाहावी. निम्म्याहून अधिक गाडी कॉलेजच्या मुलामुलींनी भरलेली असते. हातात पास, खांद्याला पिशवी आणि पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. यांतील कितीतरी मुलांचे आईवडील रोजमजुरी करतात. काहींचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारी आजी व पोरे राहतात.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत अशा पाच तालुक्यांचा हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. काही भागाला कालव्याचे पाणी आहे, बाकी सारे पावसावर. मोठे कारखाने नाहीत. त्यामुळे पदवी घेतलेला मुलगा गाडीत बसतो तो पुणे नाहीतर संभाजीनगर गाठण्यासाठी. तिथे पहिला प्रश्न येतो, "अनुभव काय?" ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कचेरीच्या टेबलामागे बसले नाही, त्याने अनुभव आणायचा कुठून?

याचे एक उत्तर कॉलेजच्या आवारातच आहे आणि ते आपल्या वस्त्यांत अजून फारसे पोहोचलेले नाही. ते म्हणजे 'कमवा आणि शिका' योजना. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागामार्फत ती महाविद्यालयांत चालते. गरजू विद्यार्थ्याने तास सांभाळून ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात किंवा बागेत दिवसातले थोडे तास काम करायचे आणि तासांच्या हिशेबाने मोबदला घ्यायचा. आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. हे विद्यापीठ 1994 साली स्थापन झाले.

या विचाराचे मूळ साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि एकत्र राबत. तिकडे अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या समाजासाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1881 साली टस्कीगी येथे शाळा काढली. तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभ्या केल्या. पुढे 1964 साली अमेरिकन सरकारने कायदा करून गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजातच काम देण्याची योजना आणली.

बाबासाहेबांचे उदाहरण तर घरचेच. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी 1918 ते 1920 या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठवले. पुढे 1946 साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना सकाळच्या वर्गांचा आधार मिळाला. पोटासाठी काम करणाऱ्यालाही शिकता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

औंढ्याहून गाडी वसमतकडे निघाली की मार्च महिन्यात रस्त्याच्या कडेला हळदच हळद दिसते. कुठे काढणी, कुठे कढया व बॉयलरची वाफ, कुठे उन्हात पसरलेले पिवळे ढीग. वसमत हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाने अनेक घरांत चूल पेटते हे खरे, पण काढणीचा हंगाम नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो. मुलगा रोजाला गेला तर त्याचे तास बुडतात आणि नाही गेला तर फी बुडते. कॉलेजातले काम ही कोंडी थोडी तरी सोडवते. तिथे काम आणि वर्ग एकाच फाटकाच्या आत असतात.

वसमत परिसरातील एका वस्तीत अर्ज भरण्याच्या शिबिरासाठी गेलो होतो. तिथे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी भेटली. ती कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायच्या कामात होती. उत्पन्नाचा दाखला कोणत्या सालचा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे कसे अडकतात, परत आलेला अर्ज पुन्हा कसा पाठवायचा, सारे तिला तोंडपाठ. आवक-जावक नोंदवही कशी ठेवतात, तेही ती शिकली होती. मी स्वतः कारकून आहे. नोकरीला लागल्यावर हे शिकायला मला दोन वर्षे लागली. तिने ते पदवीआधीच हस्तगत केले. आता वस्तीतली मुले अर्ज घेऊन तिच्या ओट्यावर येतात.

पण त्याच शिबिरात एक माउली रागाने म्हणाली, "सर, लेकरू शिकायला पाठवलंय, झाडू मारायला न्हाई!" तिच्या मुलाला कॉलेजात योजनेखाली आवार झाडण्याचे काम मिळाले होते. त्या कॉलेजचे नाव इथे घेत नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की झाडणे व नळ-टाक्या ही कामे आपल्या वस्तीतल्या मुलांकडे आणि ग्रंथालय व संगणक इतरांकडे. कोणी मुद्दाम केले असेल असे म्हणत नाही. ज्याची ओळख, त्याला खुर्ची, एवढेच घडले असेल. पण परिणाम तोच. आम्ही चार पालक प्राचार्यांना भेटलो आणि एकच मागणी केली, की कामे पाळीपाळीने द्यावीत. त्यांनी ती मान्य केली. पुढल्या महिन्यात फलकावर पाळीचा तक्ता लागला.

वाचकहो, प्रश्न झाडूचा नाही. श्रमाची लाज आपल्याला नाही, आपल्या बापजाद्यांनी श्रमच केले. बाबासाहेबांनी 1936 सालीच बजावले होते, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात सारेच कुदळ धरत, म्हणून तिथे कुदळ म्हणजे प्रतिष्ठा होती. एकाच्याच हातात ती राहिली, तर योजना नवी आणि रीत जुनी.

हा प्रश्न उद्यासाठी अधिकच मोठा आहे. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारी 'लायगो' वेधशाळा होणार असून 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. अशा ठिकाणी लेखनिक, तंत्रज्ञ, प्रयोगशाळा सहायक लागतील. आपली मुले तिथे फाटकावरच उभी राहणार की आत जाणार, हे आजच्या कॉलेजातल्या त्या दोन-तीन तासांवरही अवलंबून आहे.

म्हणून पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावे. योजना आहे का, किती जागा आहेत, कोणती कामे आहेत, हे विचारावे. शिष्यवृत्तीचा व स्वाधारचा अर्ज वेगळा भरावा, कारण कॉलेजातली कमाई ही त्याला जोड आहे, पर्याय नव्हे. वर्षाअखेरीस केलेल्या कामाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, त्यावर कामाचे स्वरूप व तास लिहून घ्यावेत. मुलांनीही आपल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी, म्हणजे मोबदल्यात घोळ होत नाही.

आणि काम एकाच प्रकारचे मिळत असेल, तर गप्प बसू नये. चार पालकांनी मिळून जावे, नम्रपणे पण ठामपणे पाळीचा तक्ता मागावा. मागितल्याशिवाय तो फलकावर लागत नाही, एवढे मात्र आम्ही पाहिले आहे.